हळ्ळीखेडचा सुगत काय म्हणाला

मल्लिकार्जुन दारात मोटारसायकल लावताना दिसला, तेव्हा सुगतच्या मनात आनंदाच्या आधी भलतंच काहीतरी आलं. याचं आपल्याकडं काय काम निघालं?

खरं तर असं वाटायला काही कारण नव्हतं. दोघं बिदरकडच्या हळ्ळीखेडच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मल्लिकार्जुन हा मायाप्पाचा मुलगा. मायाप्पाकडं आता मेंढरं राहिली नव्हती, पण ती कोंडायची जागा घरामागं तशीच होती. तिथं बसून दोघांनी दहावीचा अभ्यास केला होता. पुढं मल्लिकार्जुन शिकत गेला आणि गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. सुगतनं बिदरला नर्सिंग केलं, मुंबईत दवाखान्याच्या पाळ्या केल्या आणि एका एजंटामार्फत इस्रायलला गेला. तेल अवीवजवळच्या एका लहान शहरात तो एका थकलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायचा. त्याला उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, संध्याकाळी चाकाच्या खुर्चीवरून बागेत न्यायचं. तिथं आजोबाला सबा म्हणतात, म्हणून सुगतही त्याला सबाच म्हणायचा.

तीन वर्षांनी तो सुट्टीवर आला होता. सन २००७ चा जानेवारी सरत आला होता. तुरीच्या राशी घरात येऊन पडल्या होत्या आणि अंगणात बसलं की अंगाला बारीक भुसा चिकटायचा. व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी पासपोर्ट मुंबईच्या एजंटाकडं दिलेला होता. तो आला की परत निघायचं, एवढंच ठरलेलं.

"कसा हाइस?" मल्लिकार्जुन बाजेवर बसत म्हणाला. "आलास अन् फोन बी केला न्हाईस."

"तू बी कुठं केलास?"

मल्लिकार्जुन हसला. सुगतच्या आईनं, कोंडाबाईनं, चहा आणला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मल्लिकार्जुननं विषय काढला. त्या दिवसांत अमेरिकेचे एक माजी राष्ट्राध्यक्ष इस्रायल आणि पॅलेस्टाईनच्या भांडणावर जे बोलले होते त्यावरून जगभर गदारोळ चालला होता. इस्रायलनं मधे भिंत बांधून पॅलेस्टिनी लोकांना त्यांच्याच जमिनीत वेगळं पाडून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं. कुणी त्यांना खरं बोलणारा माणूस म्हणत होतं, कुणी म्हातारचळ लागलाय म्हणत होतं. मल्लिकार्जुनच्या कॉलेजातल्या काही मास्तरांनी मिळून एक चर्चा मंच काढला होता. त्या मंचानं गुलबर्ग्याला यावर जाहीर सभा ठेवली होती.

"आमचे उर्दूचे मास्तर मोईजसाहेब त्या राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं बोलनार हायेत, बंडेप्पा वकील इरुद्ध," मल्लिकार्जुन म्हणाला. "दोघं बी पेपर वाचूनच बोलनार. तू तिथं राहतूस. धा मिन्टं बोल."

"मी काय बोलू? मी म्हाताऱ्याची लघवी काढतो तिथं."

"तेच बोल की. जे बघितलास ते."

सबाच्या घरी तो हाच विषय ऐकून ऐकून विटला होता. शुक्रवारी संध्याकाळी सबाची मुलगी आणि मुलगा जेवायला यायचे. टीव्हीवर त्या माजी राष्ट्राध्यक्षांचा चेहरा दिसला की मुलगी म्हणायची, बंद करा. मुलगा म्हणायचा, ऐकू द्या, खरं बोलतोय. एकदा सबानं चमचा फेकला होता. तेव्हापासून सुगत जेवणाआधी रिमोट फ्रीजवर ठेवायचा.

"कामून मलाच बोलवायलास?" त्यानं शेवटी विचारलं.

"दुसरं कोन गेलंय तिकडं?"

उत्तर साधं होतं, पण सुगतला ते पुरं वाटलं नाही. मल्लिकार्जुन गेल्यावर तो बराच वेळ अंगणात बसून राहिला. सभेला पैसा कोण देतंय? दालमिलवाले रेवणसिद्धप्पा अध्यक्ष आहेत म्हणे, त्यांना पॅलेस्टाईनचं काय पडलंय? आणि बौद्ध घरातला पोरगा स्टेजवर उभा राहिला तर तो भिंतीविरुद्ध बोलणारच, असा हिशेब तर नाही ना कुणाचा? त्याचे वडील रामराव मात्र खूश होते. "गुलबर्ग्याच्या सभेत बोलायलंय माझं लेकरू," असं ते त्याच दिवशी चावडीपर्यंत सांगून आले.

सभेच्या दिवशी हुमनाबादला बस बदलून सुगत गुलबर्ग्याला पोचला. सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगांत कॉलेजची पोरं, मागं दालबाजारातले अडते, उजव्या बाजूला दर्ग्याकडच्या गल्लीतली बरीच मंडळी. मोईजसाहेब उर्दूत बोलले, सावकाश, एकेक शब्द तोलून. ज्या माणसानं राष्ट्राध्यक्ष असताना दोन वैऱ्यांना एका टेबलाशी बसवलं तो आज उगाच बोलणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बंडेप्पा वकिलांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. खुर्ची गेली की सगळ्यांनाच कंठ फुटतो, खुर्चीत असताना का नाही बोलले, आणि बसमध्ये बॉम्ब फुटतात त्याचं काय? टाळ्या दोघांना पडल्या, पण टाळ्या वाजवणारे हात वेगळे होते. ते सुगतनं स्टेजवरून बघितलं.

आणखी एक गोष्ट त्यानं बघितली. भिंतीला टेकून निळ्या स्वेटरमधला एक माणूस उभा होता. तो कुणासाठीच टाळ्या वाजवत नव्हता, नुसता लिहून घेत होता.

सगळ्यांना कळावं म्हणून सुगत तिकडच्या दखनी बोलीत बोलला. "मी शिकलेला माणूस न्हाई, मी नर्स हाय," अशी त्यानं सुरुवात केली. "आमच्या बिल्डिंगीत झाडाला पानी घालायला एक मानूस पलीकडून यायचा. मला खजूर द्यायचा. भिंत पुरी झाल्यावर त्याचं येनं बंद झालं. तो कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई. अन् ज्या म्हाताऱ्याला मी हात धरून चालवतो त्याची बहीन बाजारात बॉम्बनं मेली. तिचा फोटो त्याच्या उशाला हाय. हे दोन्ही मी बघितलंय. माजी राष्ट्राध्यक्ष बरोबर का चूक, ते मला सांगता यायचं न्हाई."

तो बसायला वळला, तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणीतरी उठलं. "असं गुळमुळीत नको. भिंत बरोबर का चूक, एवढंच सांगा."

सुगतनं मल्लिकार्जुनकडं बघितलं. मल्लिकार्जुन समोर कागद चाळत होता. हा प्रश्न यानंच कुणाला लिहून दिला असेल काय, असं सुगतच्या मनात येऊन गेलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"आमच्या आज्याच्या वक्ताला गावात आमची हीर वेगळी व्हती," तो म्हणाला. "वेगळं ठेवून कुनाचं बरं झालेलं मी तरी बघितलं न्हाई."

उजवीकडून मोठ्या टाळ्या आल्या. मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, भाकरी त्यांची खातो आणि बघा. बाहेर पडताना रेवणसिद्धप्पांनी त्याचा हात हातात घेतला आणि हसत हसत विचारलं, "तुम्हाला कुनी धाडलंय का, की आपनहून आलात?" आणि चपला घालताना दोन पोरांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. एकजण म्हणत होता, हा इस्रायलवाल्यांनीच पेरलेला माणूस आहे, म्हणून तर म्हाताऱ्याच्या बहिणीचं आधी नाही, नंतर काढलं. म्हणजे तेच मनात टोचत राहावं.

सुगत त्या रात्री मल्लिकार्जुनकडं मुक्काम करणार होता. तो थांबला नाही. शेवटच्या बसनं परत आला.

तिसऱ्या दिवशी लातूरहून निघणाऱ्या एका मराठी पेपरात बातमी आली. 'माजी राष्ट्राध्यक्षांचे म्हणणे खरे: हळ्ळीखेडच्या सुगतचा इस्रायलमधील अनुभव.' खजूर देणारा माणूस बातमीत नव्हता, सबाची बहीणही नव्हती. होती ती फक्त विहीर. आणि बरोबर फोटो होता. करड्या भिंतीपुढं सुगत उभा, डोळ्यांवर हात धरलेला.

पेपर हातात घेऊन सुगत खाली बसला. सभेत कुणी तो फोटो काढलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी बरोबरच्या केरळी पोरानं तो काढला होता आणि सुगतनं तो एका मित्राला पाठवला होता. त्या मित्राचं नाव मल्लिकार्जुन.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. निळ्या स्वेटरवाला माणूस घरी आला. पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाचा होता, बोलायला सौम्य. तिकडं कुणाकडं राहता, इकडं कुणाकुणाला भेटता, सभेला कुणी बोलावलं, असं विचारून त्यानं पासपोर्ट मागितला.

"मुंबईला हाय, एजंटाकडं."

"असं का," तो म्हणाला आणि तेही लिहून घेतलं. चहा मात्र घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सुगतनं एजंटाला फोन लावला. कागद अडकलेत, तिकडून एक माणूस म्हणाला. कशामुळं? ते सांगता येणार नाही, थांबा. पुढच्या फोनला कुणी उचललंच नाही.

कोंडाबाई म्हणाली, "अरे, सरकारी काम हाय, येळ लागतोच की." पण सुगतच्या डोक्यात सगळं जुळत चाललं होतं. बोलावलं कुणी? मल्लिकार्जुननं. पेचाचा प्रश्न आला तेव्हा मान कुणी खाली घातली? फोटो कुणाकडं होता? आणि पोलिसाला घर कुणी दाखवलं? रात्री जेवताना त्याचा घास हातात राहायचा. रामराव त्याला खुलवायला म्हणायचे, "पेपरात आलाव आपन, ल्हान गोष्ट हाय व्हय?" तेव्हा तो ताटावरून उठायचा.

शेवटी तो गुलबर्ग्याला गेला. कॉलेजात मधली सुट्टी होती. मास्तरांच्या खोलीत सगळे डबे उघडून बसले होते. मल्लिकार्जुन आणि मोईजसाहेब शेजारी शेजारी, एकाच डब्यातली शेंगाची चटणी घेत. सुगतला बघून मल्लिकार्जुन उठला. "ये ये. जेवलास का?"

"माझा फोटो पेपराला कामून दिलास?"

"कसला फोटो?"

"अन् पोलिसाला माझी खबर कुनी दिली? तूच दिलास. सभा घ्यायची, लोकांला बोलवायचं, कोन काय बोलतंय ते वर कळवायचं, हाच धंदा हाय तुझा. मास्तरकी नुसती दाखवायला." सुगतचा आवाज चढला होता. "तुला एक बौद्ध पोरगं पायजे व्हतं स्टेजवर शोभंसं. माझी नोकरी गेली तर तुझ्या बापाचं काय जातंय?"

मल्लिकार्जुनच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं डब्यात ठेवला. "सुगत, बाहीर चल, बोलू."

"बाहीर कामून? हितंच सांग की."

मल्लिकार्जुननं सांगितलं नाही. त्याचं गप्प बसणं सुगतनं बघितलं आणि खोलीतल्या सगळ्यांनीही बघितलं. दारातून बाहेर पडताना सुगतला दिसलं, मोईजसाहेबांनी आपला डबा हळूच आपल्यापुढं ओढून घेतला होता.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी अमृतप्पा घरी आला. अमृतप्पाचं हुमनाबादला झेरॉक्सचं दुकान होतं आणि तो त्या लातूरच्या पेपराला बातम्या द्यायचा. सुगतनं त्याला ओळखलं नाही. अमृतप्पानं पिशवीतून पुठ्ठ्यात घातलेला फोटो काढला.

"रामरावकाका हायेत का? फोटो परत द्यायला आलो. जपून परत आन म्हनले व्हते काकानं, ट्रंकेतला एकच हाय म्हनून. लातूरला गेलता, तिथून यायला उशीर झाला."

सुगतनं फोटो हातात घेतला. मागं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, अप्पा आणि आईस. तो फोटो त्यानं घरीही पाठवला होता, हे तो साफ विसरला होता. मल्लिकार्जुनला पाठवलेला आठवत राहिला, कारण आठवायला तोच हवा होता.

"बातमी बी अप्पांनीच दिली व्हय?" त्यानं विचारलं.

"सभेला मी न्हवतो अण्णा. काका दुकानात आलते, तुम्ही काय बोललाव ते त्यांनीच सांगितलं. हिरीचं सांगताना डोळ्याला पानी आलं त्यांच्या. मग मी तेवढंच लिवलो."

सभेहून आल्यावर, आई-वडिलांना काय सांगितलं होतं आपण? खजूर आणि बहीण सांगायचं राहिलंच होतं. रामरावांनी विचारलं होतं, लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या? आणि त्यानं विहिरीचं सांगितलं होतं.

रामराव रानातून आले तेव्हा सुगतनं फोटो त्यांच्यापुढं धरला. ते जरा बिचकले. "मी काय चोरी केलो का रे? माझ्या बापानं त्या हिरीवर मार खाल्लाय. त्याचा नातू सभेत त्येचं नाव काढला. पेपरात नगं येवू?"

सुगतला रागावता येईना. त्यानं फोटो परत ट्रंकेत ठेवला. पोलिसांचंही त्याच संध्याकाळी कळलं. तो माणूस बातमीत गावाचं नाव वाचून आला होता आणि घर त्याला चावडीवर बसलेल्या एका माणसानं दाखवलं होतं, कारण रामरावांनीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि आठवड्यानं एजंटाचा फोन आला. त्यांचं ऑफिस एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलं होतं, पासपोर्टांचा गठ्ठा एका खोक्यात राहून गेला होता, आता सापडला. शिक्का झाला आहे, येऊन घेऊन जा.

"म्हंजे माझ्या बोलन्याचा काही संबंध न्हवता?" सुगतनं विचारलं.

"कसल्या बोलण्याचा?" एजंट म्हणाला.

मुंबईला जायच्या आधी तो गुलबर्ग्याला उतरला. मल्लिकार्जुन भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. दार उघडून त्यानं सुगतला आत घेतलं, पाणी दिलं. सुगतनं सगळं सांगितलं, फोटोचं, वडिलांचं, खोक्याचं. मल्लिकार्जुन ऐकत होता.

"चुकलं माझं," सुगत म्हणाला. "मी उद्या कॉलेजात येतो. सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

"नको येऊ."

"कामून?"

"काय सांगशील? मी खबऱ्या न्हाई म्हनून? आता तू सांगितलास तर म्हनतील, मीच तुला सांगायला लावलो." मल्लिकार्जुन खिडकीशी गेला. "मोईजसाहेब वाईट मानूस न्हाई. पन त्येंच्या गल्लीत पोलिस किती येळा येऊन गेल्यात ते तुला ठाऊक न्हाई. त्येंनी कुनावर किती भरोसा ठेवायचा? मंच बंद केलाव आम्ही. कुनी तसं बोललं न्हाई, पन बैठकीला कुनी येईना."

"मग मी त्यांच्या घरी जातो."

मल्लिकार्जुननं पाण्याचा रिकामा पेला उचलून ठेवला.

सुगत गेला. मोईजसाहेबांनी त्याला बैठकीत बसवलं, सरबत दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अच्छा हुआ, आप ने बता दिया," ते म्हणाले. बोलणं गोड होतं, चेहरा मोकळा नव्हता. मग दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मल्लिकार्जुन सरांना ठाऊक हाय का, तुम्ही हितं आलाव ते?"

खोटं बोलून नाही म्हणावं असं सुगतच्या मनात आलं, पण तसं त्यानं केलं नाही. "व्हय," तो म्हणाला.

मोईजसाहेबांनी मान हलवली, जसं काही त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं.

मार्चमध्ये सुगत परत सबाच्या घरी पोचला. सबा आता जास्तच थकला होता, बागेत नेलं तरी डोळे मिटून राहायचा. शुक्रवारचं भांडण चालूच होतं. मुलीनं एकदा विचारलं, तुमच्या देशात लोक काय म्हणतात त्या माणसाबद्दल? सुगत म्हणाला, तिकडं कुणाला फारसं माहीत नाही. मल्लिकार्जुनला त्यानं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मल्लिकार्जुन नीट बोलला, तब्येत विचारली, सबाचं विचारलं. मग पुढच्या वर्षी त्यानं बिदरच्या कॉलेजात बदली करून घेतल्याचं कोंडाबाईकडून कळलं.

रामरावांचा फोन दर रविवारी यायचा. त्यांना अजून त्या विषयाची गोडी होती. गावात आता तेच या प्रश्नाचे जाणकार समजले जात होते.

"काय म्हनायलेत रे ते तुझे राष्ट्राध्यक्ष?" ते एका रविवारी म्हणाले. "नवं काय बोललेत का? भिंत पाडनार हायेत का न्हाई?"

सुगत स्वयंपाकघरात उभा होता. सबाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्यानं ते लावून घेतलं.

"अप्पा, शेजारी कोन बसलंय?"

"कोन न्हाई की. तुझी आई हाय."

"अजून?"

"अरे कोन न्हाई म्हनलं ना. सांग."



"थंडी कमी झाली हितं," तो म्हणाला. "तुमच्याकडं कसं हाय?"